टोपी, कंस, कंस, चोवीस, साप

...अन् वर मलाच इचारत्यात, "योग्या, कीबोर्ड कावून फोडला बे?" फोडला! राग आल्ता म्हणून फोडला! माझा दादा, अमरनाथ, एकतीस वर्षांचा गडी, उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नव्हता म्हणून गेला... ती ट्रॉली मला सापडली न्हाई, कीबोर्ड सापडला. हाणला भिंतीवर! पण तुमाला सांगतो, बटण दिसतंय तेवढं साधं नसतंय!

दादाचं दिंद्रुडात फ्लेक्सचं दुकान. मी आपला खांबावर चढून फ्लेक्स बांधणारा, आठवी नापास. दादाची तऱ्हाच न्यारी. माऊसला हात लावायचा न्हाई. कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडायची, कीबोर्डाच्या वरच्या ओळीतलं एक बटण दाबायचं, की फोटोला चौकट, फुलं, नाव, समदं बसून तयार! कोणत्या बटणात काय भरलंय ते त्यानं चिठ्ठ्या कापून बटणांवरच चिकटवलेलं... 'लग्न', 'वाढदिवस', 'श्रद्धांजली'. त्या चिठ्ठ्या गेल्या की फुटलेल्या कीबोर्डासंगं! नवा आणला, तो कोरा. अन् आमचे अप्पा म्हणत्यात, "बाजाराच्या दिवशी दुकान चालू न्हाई झालं तर मशीन इकायची. पोरगं गेलं, आता डबडं पुजायचं का?" इकायची? दादाची मशीन?

बसलो मग. अंदाजानं दाबलं. पहिलंच गिऱ्हाईक भारतनाना, वाढदिवसाचा फ्लेक्स. अन् बाहेर काय पडावं? नानाच्या फोटोला हार, खाली समई! नाना बोंबलला, "अबे, जित्ता हाय मी! केक सांगितलाय केक!" गल्ली हसली. मला न्हाई आलं हसू. ती चौकट दादानंच बनवलेली, अन् त्याला त्यात बसवायचं धाडस अजून मला झालं नव्हतं...

फोन लावला राधाकिशनला. दादाचा दोस्त, इथलाच, पण चार वर्षं पुण्यात ऱ्हाऊन जिभेला इस्त्री करून घेतलेला. म्हणतो, "हे बघ योगीराज, आधी कंट्रोल व्ही दाब. मग हवं ते बटण दाब. ते काम करणार नाही, नुसतं आपलं खरं नाव सांगेल. ते नाव अमरनाथच्या फायलीत शोध, पुढे काम लिहिलेलं असेल."

"कंट्रोल व्हीनं चिकटवत्यात ना?"

"इथे नाही चिकटवत."

कावून न्हाई? आख्खी दुनिया चिकटवती! बरं, दाबलं. बटणावर छापलंय एफ सात, स्क्रीन खुणा काढून म्हणती टोपी, कंस, कंस, अठरा, अन् शेवटी वळवळता साप. अन् फायलीत बघावं तर टोपीच्या जाग्यावर तिरपी काठी! एक बटण अन् तीन नावं! रेशन कार्डावर एक, आधारवर दुसरं, घरात तिसरंच! तुमाला सांगतो, बटण दिसतंय तेवढं साधं नसतंय!

तरी जुळवत गेलो. सात म्हंजी अठरा, आठ म्हंजी एकोणीस, नऊ वीस, दहा एकवीस, अकरा... तेवीस! बावीस कुठं गेला?

राधाकिशन म्हणतो, "नसतो तो. पहिल्यापासून तसंच आहे."

तसंच हाय? मधला एक गायब, अन् बाकीचे आपापल्या जाग्यावर बसलेत, जसं काय झालंच न्हाई? कुणी इचारणार न्हाई का, का आपलं एकवीस झाले, तेवीस म्हणा अन् चला पुढं?... आवाज लई चढला माझा. मग राधाकिशन हळूच, जिभेची इस्त्री मोडून म्हणला, "योग्या... रडू नगं बे."

रडत नव्हतो मी. रागात हुतो.

बाजाराच्या दिवशी सकाळी समदी बटणं जुळली. फायलीत एकच ओळ ऱ्हायली. तिरप्या काठीवाली, म्हंजी स्क्रीनच्या भाषेत टोपी, कंस, कंस, चोवीस, साप. पुढं लिवलेलं, 'योग्या'. माझ्या नावाचं बटण! मला वाटलं, माझ्या लग्नाची चौकट करून ठेवली असल दादानं. शेवटचं बटण, बारा नंबरचं. दाबलं. स्क्रीनवर काईच न्हाई! पुन्हा कीबोर्ड उचलला मी भिंतीकडं... अन् खिशातला मोबाईल वाजला.

दादाचा मेसेज. "योग्या, दोन चहा. एक बिनसाखरेचा. पळ."

चार वर्षं, रोज हाच मेसेज, बिनसाखरेचा त्याचा! मला वाटायचं, हातातलं काम सोडून माझ्यासाठी टाइप करतोय गडी... एक बटण! एका बटणावर पळवला मला चार वर्षं!

आता काय करणार... पळालो. दोन चहा घेऊन आलो तर दारात अप्पा, मशीन बघायला गिऱ्हाईक घेऊन. म्हणले, "दुसरा कुणाचा?" मी मोबाईल दाखवला. अप्पानं मेसेज वाचला. पुन्हा वाचला. बिनसाखरेचा गिलास उचलला, तळापर्यंत पिले अन् गिऱ्हाइकाला म्हणले, "मशीन इकायची न्हाई." मग माझ्याकडं बघून, "पण साखर घालायला सांग त्याला, लई बेकार लागतंय."

कुणाला सांगू? ते फायलीत दादानं लिवलंय. त्याच्या लिवलेल्याला हात मी लावणार न्हाई, अप्पा लावू देणार न्हाईत... तवा आता दोघंबी रोज, आळीपाळीनं, बिनसाखरेचा पितोय!