छातीतली रात्रीची पंगत

...आन् वर मलाच म्हणत्यात, "आदगोंडा, भ्याचं कारण न्हाई." आवं, श्वास घेतला की तुमच्या बरगडीत कळ येती का? एक वाक्य बोलायला मधी दोनदा थांबावं लागतंय का? मग! तुमास्नी सांगतो, माणसानं भ्यायचं न्हाई तर करायचं काय?

झालं काय, मला न्युमोनिया झाला. गावच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, सकाळी एक, रात्री एक. आता आमी जैन. दिवस मावळला की आमच्यात जेवण बंद, आन् चातुर्मासात तर आमच्या मंडळीनं, म्हंजे चंपाबाईनं, रात्रीच्या पाण्याचाबी नेम धरलेला... स्वतःचा, आन् न विचारता माझाबी. मग रात्रीची गोळी गिळायची कशासंगं? दिवसा घ्यावी म्हटलं तर ही म्हणती, रात्रीची म्हंजे रात्रीचीच, डॉक्टरला जास्त कळतंय का तुमास्नी? ऱ्हायली गोळी. रोज ऱ्हायली. पुण्य किती पडलं देव जाणे, ताप मात्र चढला, आन् लेकानं गाडीत घालून सांगलीला दवाखान्यात आणून टाकलं.

तितं छातीचा फोटो काढला. भार्गवी मॅडम, डॉक्टरीण, माझ्या नातीएवढी पोरगी, फोटो उजेडाला धरून नुसतं "हं" म्हणाली. आता हे बरं हं, का वाईट हं? तेवढ्यात शेजारचा लालासाहेब बघायला आला. माझंच केळ सोलत म्हणतो, "आमच्या एका पावण्याला डिट्टो असंच झालतं..." आन् केळ तोंडात घालून गप्प! पावण्याचं पुढं काय झालं, शेवटपतुर सांगितलं न्हाई गड्यानं. माणसानं भ्यायचं न्हाई तर करायचं काय?

मग मॅडमनं समजावलं. फुफ्फुसात म्हणं पेशी राखणीला बसलेल्या असत्यात. जंतू दिसला की गिळायचा. जंतू लय झालं की त्या हाका मारत्यात, रक्तातनं पांढऱ्या पेशी धावून येत्यात, खात्यात, खाता खाता मरत्यात... बेडक्यात पडतंय ते त्यातलंच. "आजोबा, गोळी त्यांच्या मदतीला होती. तुम्ही रोज रात्री मदत बंद केलीत. त्या एकट्या पडल्या."

एकट्या! तुमास्नी सांगतो, मरणाला भ्यालो न्हाई एवढा त्या शब्दाला भ्यालो. माझ्यासाठी कोण कोण मरतंय, आन् मी आपला डोळं मिटून नेम पाळतोय.

चंपाबाई खाटंशेजारी जपमाळ घेऊन बसलेली. जन्मात मुंगी मारली न्हाई तिनं, अंधार पडल्यावर आलेल्या सख्ख्या भावाला भाकरी वाढली न्हाई. म्हटलं आता ही उठणार, जीवहत्या हाय म्हणणार, आन् सलाईन काढायला लावणार. ती उठली. मॅडमला एकच विचारलं, "रातचीबी खात्यात का वं त्या?"

"रात्रंदिवस, आजी."

ती खाली बसली. जप अर्धाच टाकून तिनं माझं मनगट घट्ट धरलं, तवा मला कळलं, ही माझ्यापरीस जास्त भ्यालीया. खिडकीतनं दिवस मावळताना दिसत होता. नर्स गोळी घेऊन आली, आन् चंपाबाईनं स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला माझ्या तोंडाला लावला.

आता बरा हाय. गोळ्या संपल्या, तसा घरात नेम परत लागू झाला. पण रोज दिवस मावळला की चंपाबाई माझ्या छातीवर हात ठेवती, आन् हळूच म्हणती, "जेवा बाबांनो, पोटभर जेवा."

मग माझ्याकडं बघती. "तुमी काय बघताय? तुमचं ताट कवाच उचललंय."