पहिली की दुसरी

— नाही, अंदाजाने सांगू नका काका, दिसतंय तेवढंच सांगा. मान सरळ. ही फ्रेम जड असते, नाकाला टोचते, माहितीये मला, पण पाच मिनिटं सोसा. आता सांगा — ही काच बरी, की ही? पहिली की दुसरी? पहिली. छान. तुम्ही निदान उत्तर तरी देता. मघाशी विचारलंत ना, दुकानाचे मालक कुठे दिसत नाहीत — मालक घरी आहेत. बाबा माझे. एक्याऐंशी वर्षं, प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय, आणि माणूस शब्दकोडं सोडवतोय. हलू नका, समोर बघा.

तसं घाबरण्यासारखं नाही म्हणे. डॉक्टर म्हणाले, गाठ लहान आहे, हळू वाढणारी आहे, या वयात नुसतं लक्ष ठेवलं तरी चालेल — सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, बास. हा काय उपचार झाला? लक्ष तर आमचे शेजारीही ठेवतात. आता ही, की ही? दुसरी? बरं. मग मीच बसले, सगळं वाचून काढलं, तक्ता केला — चार रकाने, तीन रंग. ऑपरेशन — भूल झेपेल का, नंतर लघवीवर ताबा राहील का. रेडिएशन — कित्येक आठवडे रोज जायचं, थकवा, जुलाब. इंजेक्शनं — हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, बायकांना पाळी जाताना निघतात तशा. हे सगळं मी बाबांना मोठ्यांदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, तक्ता छान झालाय, अक्षर जरा मोठं हवं होतं.

आणि दादा. तो परदेशातून व्हिडिओवर अवतरतो. त्याचं एकच — मुळासकट काढून टाका. स्वतःची अक्कलदाढ काढायला तीन वर्षं घेतली त्याने. मी रेडिएशनवर ठाम. आठ दिवस आमचं भांडण चाललंय, आणि बाबा मधे फोन धरून बसतात — एक हात दुखला की दुसऱ्या हातात घेतात.

काय म्हणालात? त्यांना विचारलं का? विचारलं तर. काल सकाळी समोर बसवलं, दोन कागद धरले, हा ऑपरेशनचा, हा रेडिएशनचा. म्हटलं, तुम्हीच सांगा, पहिला की दुसरा? तर चष्मा पुसला, एकदा हा पाहिला, एकदा तो, आणि म्हणाले, "दोन्ही सारखंच दिसतंय गं." हसले वर. मी इतकी तापले — बाबा जन्मभर या खुर्चीत लोकांना बसवून हाच प्रश्न विचारत आले, आणि स्वतःवर वेळ आली तर सगळं माझ्या गळ्यात टाकून मोकळे. मग मी काय करणार? हॉस्पिटलच्या फॉर्मवर रेडिएशनसमोर मीच खूण केली आणि सही घेतली त्यांची. आणखी एका तपासणीचा आहे म्हटलं. चष्मा न लावताच केली सही — चष्मेवाला माणूस. असं बघू नका काका, मी काही वाईट नाही केलेलं. मला ते हवेत, एवढंच. पाच वाजता फॉर्म द्यायचाय, ड्रॉवरमध्येच आहे. चुकलं का माझं? नको, बोलू नका, फ्रेम हलते.

ही शेवटची काच. नीट बघा, फरक अगदी बारीक आहे. ही — की ही? परत दाखवते. ही — की ही? सारख्याच दिसतात? नक्की? मग झालं, मिळाला तुमचा नंबर. नाही हो, तुमची चूक नाही, हेच तर हवं असतं. गिऱ्हाईक दोन्ही सारखंच दिसतंय म्हणालं की आपला हात मागे घ्यायचा, वर आणखी काच चढवायची नाही — चढवली तर डोकं दुखतं, चालताना तोल जातो, आहे ते दिसणंही बिघडतं. पंधरा वर्षांची होते, बाबांनी याच खुर्चीमागे उभं करून शिकवलं मला, पहिला धडा —

नाही. काही नाही. फ्रेम तुम्हीच काढा, जपून. चष्मा गुरुवारी न्या. नाही, आज आणखी कुणाचे डोळे नाही तपासणार मी. जाताना दारावरची पाटी तेवढी उलटी करून जा.