फरश्या यायच्या आहेत

जनेल : अगं, त्या ताटल्या अशा उलट्या करू नकोस पिशवीत. सॉस गळेल खाली.

टेसा : गळू दे.

जनेल : गळू दे काय? दुकानातले गालिच्याचे नमुने जोडून जोडून केलाय तो गालिचा. बावीस तुकडे आहेत. गुडघे सोलवटले माझे.

टेसा : माहीत आहे. आता तर अख्ख्या टीमला माहीत आहे. प्रत्येकीला सांगत होतीस.

जनेल : विचारलं म्हणून सांगितलं. ती उंच पोरगी, दातांना तार आहे ती...

टेसा : ऑड्रा.

जनेल : हां, ऑड्रा. ती म्हणाली, खांबाला दोरी गुंडाळलीय ते किती छान दिसतंय. मग मी काय तोंड शिवून बसू?

टेसा : आई, खोलीच्या मधोमध लोखंडी खांब असला की माणूस काहीतरी बोलतंच. त्याला कौतुक नाही म्हणत.

जनेल : खांब मी नाही रोवला. काढला तर वरचं स्वयंपाकघर खाली येईल. तळघरातली खोली, बोळासारखी लांबट, शेकोटी कोपऱ्यात तोंड वळवून बसलेली, खिडकी छताला टेकलेली, आणि तिच्यातून दिसतं काय तर शेजाऱ्याच्या लॉनची मुळं. सहा शनिवार घातले मी या खोलीत. का? तर धावण्याच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी आळीपाळीनं प्रत्येकीच्या घरी टीमचं जेवण असतं, आणि माझ्या लेकीची पाळी आली की तिला मान वर करून सगळ्यांना खाली आणता यावं.

टेसा : भाड्याच्या घराला एवढं कोण सजवतं?

जनेल : भाड्याच्या घरात माणसंच राहतात. जुनं घर विकलं म्हणून मी काय खोक्यांवर बसून जेवू?

टेसा : आणि शेवटी एका खणानं सगळं घालवलं. मी सांगितलं होतं तुला, टीव्हीखालच्या कपाटात काही ठेवू नकोस म्हणून.

जनेल : चौदा मुलींचे काटे-चमचे कुठंतरी ठेवायलाच हवे होते.

टेसा : सगळ्यात खालच्या खणात?

जनेल : वरच्या तिन्हींना आतून रंग दिला. चौथ्याला पुरला नाही. कुणीतरी दुकानात मागवलेला आणि नंतर नको म्हटलेला रंग होता तो, म्हणून स्वस्तात मिळाला. तसला डबा पुन्हा मिळत नाही, कालवणाऱ्याला आठवतसुद्धा नाही त्यानं काय कालवलं होतं. म्हटलं, आत कोण बघतंय.

टेसा : मॅरननं बघितलं. खणात जांभळ्या शाईनं तिचंच नाव, शेजारी तिनंच काढलेला घोडा. हातात काटे घेऊन म्हणाली, "अरे, हे तर माझं कपाट."

जनेल : वाईट सुरात नाही म्हणाली.

टेसा : वाईट सुरात म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं. इतकं गोड म्हणाली ती. मग ऑड्रा हसली. मग सगळ्याच हसल्या.

जनेल : हं. तो पातेल्याशेजारचा डबा दे इकडे.

टेसा : अख्ख्या डेटन शहरात लोक रस्त्याकडेला कपाटं टाकतात. तुला माझ्याच शाळेतल्या मुलीच्या दारातलं सापडावं?

जनेल : चांगल्या वस्तू चांगल्या वस्तीतच टाकतात, राणी. आपल्या गल्लीत काय टाकतात ते पाहिलंयस ना? डाग पडलेल्या गाद्या. त्या भागात मोठ्या कचऱ्याची गाडी गुरुवारी येते, म्हणून बुधवारी संध्याकाळी सगळे सामान बाहेर काढून ठेवतात. मी काही एकटीच नव्हते. चार गाड्या फिरत होत्या हळूहळू, दिवे मंद करून. एक तर चांगली मोठी चकचकीत होती.

टेसा : आणि मी सीटवरून खाली घसरून बसले होते, कुणी बघू नये म्हणून.

जनेल : बसली होतीस. म्हणून तर हाक मारली नाही तुला. एकटीनं चढवलं.

टेसा : निदान नाव तरी पुसायचंस.

जनेल : ते चुकलं माझं. खरंच चुकलं. दोन मिनिटांचं काम होतं, घासकागद हातातच होता. पण घोडा इतका मन लावून काढला होता कुणीतरी, हात उचलेना. मला काय माहीत ती कुणीतरी उद्या माझ्याकडे जेवायला येणार आहे.

टेसा : आता सोमवारी शाळेत...

जनेल : थांब, दार वाजतंय. कुणीतरी काहीतरी विसरलं असेल. ती पिशवी बांध तोवर.

(जनेल वर जाते आणि मॅरनची आई, कॉरिन हॅस्केल, हिला घेऊन खाली येते.)

कॉरिन : मॅरन गाडीतच बसलीय, यायलाच तयार नाही. जाकीट राहिलं म्हणे तिचं. अगंबाई, काय सुरेख केलीय हो खोली. आमची खालची खोली अगदी अश्शीच आहे, खांबासकट. आम्ही तिथं नुसती खोकी रचून ठेवलीत.

जनेल : टेसा, जाकीट बघ गं. सोफ्यामागे पडलं असेल.

कॉरिन : आणि पडदे किती उंचावरून सोडलेत.

जनेल : रंगारी जमिनीवर अंथरतात ती कापडं आहेत. छतापासून सोडली की खिडकी मोठी वाटते. आत खिडकी आहे वीतभरच.

कॉरिन : आणि हे... हेच का ते? मॅरन गाडीत सांगत होती.

जनेल : हो. तुमचंच. ऑगस्टमध्ये तुमच्या दारासमोरून उचललं. कुणाचं घर ते माहीत नव्हतं मला. मॅरनला वाईट वाटलं असेल तर खुशाल घेऊन जा. मनापासून सांगते.

कॉरिन : छे छे, काहीतरीच काय. टाकलेलं कुणी मागतं का? ओळखूसुद्धा येत नाही ते आता. मला फक्त जरा नवल वाटलं. म्हणजे घराचं एवढं मोठं काम काढलेलं असताना हे असलं कशाला, असं आपलं मनात आलं.

जनेल : कसलं काम?

टेसा : मिसेस हॅस्केल, हे घ्या जाकीट. सापडलं.

कॉरिन : थँक यू, बाळ. अहो, तुमच्या घराचं. मॅरन म्हणाली, इथं तुम्ही तात्पुरत्या राहताय ना? खरं घर नदीपलीकडे आहे, त्याचं सगळं नव्यानं करून घेताय. टेसानंच सांगितलं मुलींना. कधी जाणार परत?

टेसा : आई, मी...

जनेल : बघू या. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आत व्हायला हवं होतं. फरश्या अडकल्यात.

कॉरिन : फरश्यांचं हे असंच. आमच्या स्वयंपाकघराला तीन महिने लावले त्यांनी. कुठून मागवल्यात?

जनेल : इटलीहून.

कॉरिन : अरे वा. कुठला रंग?

जनेल : पांढऱ्या.

कॉरिन : पांढऱ्या मळतात हो फार. पण दिसतात सुंदर. आणि तरीही तुम्ही रस्त्यावरचं उचलून, घासून, रंगवून... कमाल आहे तुमची.

जनेल : छंद आहे. एकेकाला असतो. नवं घ्यायला मन धजत नाही माझं. टेसाला मुळीच आवडत नाही हे. सांगून सांगून थकली बिचारी.

कॉरिन : माझी सासू अशीच आहे. फ्लोरिडात समुद्रावर घर, आणि प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन वाळत घालते.

जनेल : मग आमचं जमेल दोघींचं.

कॉरिन : नक्कीच जमेल. चला, उद्या शर्यतीला भेटूच. आणि घर झालं की आम्हाला बोलवा हं बघायला.

जनेल : बोलवीन की. सांभाळून, ती पायरी डुगडुगते.

(जनेल कॉरिनला दारापर्यंत सोडून परत खाली येते.)

जनेल : गेल्या. गाडी वळली कोपऱ्यावरून. ती पिशवी वर नेऊन ठेव आता.

टेसा : आई.

जनेल : आणि उरलेली स्पॅगेटी डब्यात भर. दोन दिवस पुरेल.

टेसा : तुला माहीत होतं.

जनेल : लसणाचा पाव घेऊन उतरत होते. जिन्यातच ऐकलं. "हे काही आमचं घर नाही, इथलं सामान कुणाचं आहे कुणास ठाऊक," असं म्हणत होतीस. मग दुमजली घर सांगितलंस. मागच्या व्हरांड्यातला झोपाळा, तुझ्या खोलीतली पिवळी भिंत. खोटं कसलं, आपलं जुनं घरच सांगत होतीस, खोलीन् खोली.

टेसा : तू तर हसत हसत खाली आलीस. पाव वाटलास सगळ्यांना.

जनेल : गार झाला असता.

टेसा : मग मिसेस हॅस्केलना "कसलं काम" असं का विचारलंस?

जनेल : वेळ काढत होते. खरं सांगू? तुला तोंडावर पाडावं, असंही आलं मनात. जिभेच्या टोकावर होतं. एक वाक्य, आणि सगळं उघडं.

टेसा : पाडायला हवं होतंस.

जनेल : सोफ्याची पाठ घट्ट धरून उभी होतीस. मला नाही जमलं.

टेसा : ऑड्रा हसायला लागली, आणि सगळ्या त्या खणाकडे बघत होत्या, आणि मग मला... मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. एक बोलले की पुढचं आपोआप आलं. रागाव ना. काहीतरी बोल.

जनेल : रागावले होते. अजूनही थोडा राग आहे. कपाटाची लाज नाही मला, टेसा, उद्या दुसरं दिसलं तर तेही उचलीन. पण माझ्या मुलीला चार पोरींसमोर हे घर आपलं म्हणवलं नाही, याची वाटली. फार वाटली. सहा शनिवार मी कुणासाठी रंग खरवडत होते, असं झालं जिन्यात. आणि मग तासाभरानं स्वतःच उभी राहून एका परक्या बाईला इटलीच्या फरश्या सांगतेय. या वयात. त्याचीही वाटतेच आहे.

टेसा : माझ्यामुळे.

जनेल : तुझ्यामुळे, आणि माझ्या जिभेमुळे. इटली तू नव्हती सांगितलीस.

टेसा : त्यांना आता वाटतं, तू कंजूष आहेस. पैसे असून कचऱ्यातलं उचलतेस. त्यांच्या सासूसारखी.

जनेल : वाटू दे. बिचारी म्हणण्यापेक्षा कंजूष म्हटलेलं बरं. ते मला सोसतं.

टेसा : सगळ्या विचारत राहतील. फरश्या आल्या का, फरश्या आल्या का.

जनेल : विचारू देत. थँक्सगिव्हिंगपर्यंत फरश्या, नंतर नळवाला आजारी, मग बर्फ पडलं म्हणून काम बंद. तू शाळा संपवेपर्यंत ओढीन मी. फार तर मध्ये एकदा छत उडवावं लागेल वादळात.

टेसा : हसवू नकोस ना. मला आत्ता नाही हसायचंय.

जनेल : बरं.

टेसा : तू अडीच वर्षं खोटं बोलशील माझ्यासाठी?

जनेल : बोलेन. चांगलं नाही वाटणार, पण बोलेन.

टेसा : नको. उद्या शर्यतीच्या बसमध्ये मॅरन माझ्या शेजारीच असेल. तिला सांगेन मी.

जनेल : रात्री असं वाटतं माणसाला. सकाळी नाही सांगवलं तर नको सांगू. मी काही विचारणार नाही तुला.

टेसा : सांगेन. ते घर विकलं. आता आम्ही इथंच राहतो.

जनेल : आणि तिच्या आईला मी जे सांगितलं ते?

टेसा : ते मी खोटं बोलले म्हणून आईला बोलावं लागलं, असं सांगेन. आणि आईला छंदबिंद काही नाही म्हणून सांगेन. आम्हाला कपाट लागत होतं.