एक नाम जास्त

जय जाखाई! म्हणा एकदा मनापासून. माझा आवाज बारीक आहे, मागच्यांनी जरा पुढे सरका. टाळकरी दादा, टाळ मांडीवर ठेवा. आज थोडं हळू बोलायचं आहे.

मंडळी, एक प्रश्न विचारते. उत्तर मला देऊ नका, स्वतःला द्या. पाप करताना तोंडात देवाचं नाव असेल, तर ते पाप हलकं होतं की जड?

बघा, सगळे गप्प! मग आख्यानच ऐका.

तांबुळवाडी नावाचं गाव. गावाला जाखाई देवी. चातुर्मासात रोज दुपारी, नैवेद्य झाला की, देवीसमोर सारीपाट मांडायचा अशी तिथली रीत. देवीला विरंगुळा नको का? आपण जेवून लवंडतो, तिने काय एकटीने भिंतीकडे बघत बसायचं?

पटावर चोवीस घरं. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सोंगट्या आणि दोन-दोन हाडी फासे. दान पडेल तेवढी घरं चालायचं आणि सोंगट्या आपल्या घरी न्यायच्या. दोन सोंगट्या एका घरात असल्या, की त्यांना कोणी हात लावत नाही. पण एकटी सापडली — मारली! पुन्हा पहिल्यापासून तिचा प्रवास. काका, सोंगट्या म्हटल्यावर कसे डोळे उघडले तुमचे! मघाशी ध्यान लागलं होतं ना?

तर, एका बाजूने व्रत घेतलेली बाई बसायची. दुसरी बाजू देवीची, पण दगडाची मूर्ती फासे कशी टाकणार? म्हणून गुरवाच्या घरची बाई देवीच्या वतीने बसायची. हरेल तिने दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्याची एक पायली ज्वारी दळायची. जात्यावर बरं का! तेव्हा गिरणी कुठली? आणि देवी हरली, तर गुरवाच्या बाईनेच दळायचं.

आता दुप्पट. डाव रंगात आला, की फासे टाकण्याआधी म्हणता येई, ‘दुप्पट!’ समोरचीने मान्य केलं, तर एका पायलीच्या दोन पायल्या. नाही म्हटलं, तर तिने तिथेच पट उठवायचा आणि असेल तेवढी हार घ्यायची. मान्य केलं, तर पुढची दुप्पट म्हणायचा हक्क तिचा. मात्र देवीच्या बाजूने पट कधी उठवायचा नाही. देवी कशाला माघार घेईल? हे लक्षात ठेवा, मंडळी. देवीला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. म्हणजे कोणाला म्हणता येत नव्हतं? तिच्या जागी बसलेल्या माणसाला!

आणि शेवटची रीत. तिथे घरं आकड्यांनी मोजत नसत. एका घराला एक नाम. ‘जाखाई, जाखाई, जाखाई’ म्हणजे तीन घरं. केवढी गोड रीत! खेळता खेळता जप. हो ना?

या पटावर बारा वर्षं बसत होत्या चिमाक्का. पहाटे स्नान, देवळाला एकशे आठ प्रदक्षिणा, मग पाणी. असं व्रत, की गावात शपथ घ्यायची तर लोक म्हणत, ‘अक्कांच्या व्रताची शपथ!’ त्या चातुर्मासात अक्का एकही डाव हरल्या नव्हत्या. बाया म्हणायच्या, ‘देवीच हरते हो अक्कांसाठी!’ अक्का म्हणायच्या, ‘छे गं, माझं कसलं!’ असं म्हणताना मान खाली जायची, पण कान वर राहायचे.

समोर बसायची आनशी. गुरवाची नवी सून, एकोणीस वर्षांची, कमी बोलणारी.

त्या दिवशी अक्कांचा डाव चढला. ‘दुप्पट!’ आनशीने मान हलवली. दोन पायल्या झाल्या. आणि मग फासे फिरले! आनशीला सहा-सहाचं जोड दान. जोड दानाला चाल दुप्पट, म्हणजे सहा-सहा घरं चार वेळा! वाती वळणाऱ्या ठकूकाकू म्हणाल्या, “अक्का, आज देवी जागी झालेली दिसते!”

पुढच्या पाळीला आनशी अगदी हळू म्हणाली, “दुप्पट.”

म्हणजे चार पायल्या. अक्कांनी पट उठवला असता, तर दोन पायल्यांवर सुटका होती. पण सगळ्या बाया बघत होत्या ना! बारा वर्षं पटावर बसलेली अक्का काल आलेल्या पोरीसमोर पट उठवणार?

“मान्य!” अक्का म्हणाल्या.

आनशीची चाल झाली. आता अक्कांची एक सोंगटी मागे राहिली होती. एकटी. सहा घरं गेली, तर जोडीला जाऊन मिळणार. पाचच गेली, तर देवीच्या सोंगटीच्या तोंडी. अक्कांनी फासे हातात घोळवले, टाकले. दोन... आणि तीन. पाच!

अक्कांनी सोंगटी उचलली. जाखाई, जाखाई, जाखाई, जाखाई, जाखाई... जाखाई.

मंडळी, मोजलीत? एक नाम जास्त. फक्त एक! देवाचं नाव एकदा जास्त घेतलं, तर कोण रागावतं? आणि लगेच फासे उचलले. फासे उचलले की चाल पक्की, असा नियम.

आनशीने दान टाकलं. चार आणि एक. तिचा हात बरोबर त्या घरावर गेला, जिथे अक्कांची एकटी सोंगटी असायला हवी होती. घर रिकामं! तिने वर पाहिलं. अक्कांकडे पाहिलं, अक्कांच्या मुठीतल्या फाशांकडे पाहिलं. मग मान खाली घालून दुसरीच सोंगटी हलवली.

आणि अक्का काय म्हणाल्या असतील? लाज वाटून गप्प बसल्या? नाही हो. लाज लपवायची, तर माणूस आवाज चढवतो. अक्का म्हणाल्या, “दुप्पट!”

आठ पायल्या. आणि देवीच्या बाजूला ‘नाही’ म्हणायची सोय नाही. आनशी म्हणाली, “मान्य.” हरली. बायांनी अक्कांच्या पाया पडून घेतलं!

दुसऱ्या दिवशी पहाटे अक्का प्रदक्षिणा घालायला आल्या. देवळामागेच गुरवाचं घर. जात्याची घरघर चालली होती. अक्का चालतायत — जाखाई... घरघर. जाखाई... घरघर. सतरावी प्रदक्षिणा की अठरावी? पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकली. बारा वर्षांत अक्कांची मोजणी कधी चुकली नव्हती. म्हणजे, एकदाच चुकली होती.

शेवटी पाय वळले गुरवाच्या दाराकडे. आनशी एकटीच दळत होती. तळहाताला फडकं बांधलेलं, खुंट्याला ओला लाल डाग.

“अगंबाई, अक्का! या ना. बसायला पाट देते.”

“नको. आनशे, एक विचारू? काल तुझा हात रिकाम्या घरावर का गेला गं?”

आनशी लाजली. तीच लाजली, मंडळी! म्हणाली, “हसू नका हं अक्का. मला वाटलं, तुमची सोंगटी तिथे आहे. मला तुमचं दान पाचच दिसलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“मीच चुकीचं बघितलं असणार. तुम्ही व्रताच्या बाई. तुमचं कसं चुकेल?”

शिव्या दिल्या असत्या पोरीने, तर सोसल्या असत्या. हिने तर स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवलं, अक्कांच्या व्रताकडे बघून!

अक्का तिच्यासमोर बसल्या. खुंटा धरला. “पाचच होतं, पोरी,” एवढंच म्हणाल्या. जातं थांबलं. आनशी म्हणाली, “अक्का, मी कोणाला नाही सांगणार.”

बघा, केवढा पदर मिळाला झाकून घ्यायला! तुम्ही-आम्ही घेतला असता. राहिलेली ज्वारी दळून दिली असती, पोरीला एक लुगडं दिलं असतं आणि प्रदक्षिणा चालू!

ज्वारी अक्कांनी दळलीच. पण दुपारी देवळात गेल्या. स्वतः पट मांडला आणि कालच्या प्रत्येक सोंगटीला कालच्या जागी ठेवलं. ठकूकाकू म्हणाल्या, “हे काय अक्का, शिळा डाव?”

अक्कांनी ती एक सोंगटी उचलली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोजलं, “एक. दोन. तीन. चार. पाच.” आणि तिथेच ठेवली.

“काल मी इथे थांबायला हवं होतं. देवीचं नाव घेऊन एक घर चोरलं मी. आनशे, चार आणि एक पडलं होतं ना तुला? मार.”

“अक्का, नको...”

“मार म्हणते ना!”

आनशीने सोंगटी मारली. अक्कांनी पट उठवला. हरल्या. ‘असू द्या हो अक्का’ असं कोणी म्हटलं नाही. ठकूकाकूंच्या हातातली वात तशीच राहिली. अक्का मान खाली घालून घरी गेल्या, आणि आज त्यांचे कानही खाली होते.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. पटावर बसल्या. तेव्हापासून तांबुळवाडीत आकडा मोठ्याने म्हणतात आणि नाम मनात घेतात.

मंडळी, अठरा वर्षं मी सोमवार करते. रोज एकशे आठ तुळशी वाहिल्याशिवाय पाणी घेत नाही. मागच्या महिन्यात आमच्याकडची आमटी खारट झाली. सून सगळ्यांसमोर म्हणाली, “मीच दोनदा मीठ घातलं असेन. आईंचं नाही चुकायचं.” दुसऱ्यांदा मीठ मी घातलं होतं. मला आठवत होतं. मी माळ ओढत बसले.

हे आज तुमच्यासमोर पहिल्यांदा सांगते आहे. ती तिथे बायकांत बसली आहे, निळ्या लुगड्यातली. सूनबाई, मीठ माझं होतं गं.

आता तुमचं तुम्ही बघा. तुमच्या माळेकडे, टिळ्याकडे, उपासाकडे बघून घरातलं कोण आपल्या डोळ्यांना खोटं म्हणत आहे? प्रसाद दारात ठेवला आहे. पण आधी त्या माणसाकडे जा, आकडा मोठ्याने सांगा, मग हात पुढे करा. जाखाई तोवर प्रसाद झाकून ठेवील.