सर्व्हरला कुलूप

परवाचं सांगतो, हसू नका. केनवडजवळच्या एका कॉलेजात सर्व्हरला पेन ड्राइव्हमधून व्हायरस लागत होता. दुपारी प्रवेश सुरू होणार, म्हणून प्राचार्यांनी मला बोलावलं. मी भौतिकशास्त्राचा पीएचडी. पण स्वतःवर भरवसा शून्य. बायोसमध्ये, म्हणजे सर्व्हर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, यूएसबीचे सगळे पोर्ट बंद करायचे होते.

"करू ना बंद? नक्की?" मी प्राचार्यांना तिसऱ्यांदा विचारलं.

"सर, किती खेप इचारता! करा ना बाप्पा!"

केलं. सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि पासवर्ड मागू लागला. मी टाइप केलं, काही उमटेना. कीबोर्डही यूएसबीचाच!

"मंग पोर्ट परत चालू करा ना."

"त्यालाही कीबोर्डच लागतो."

प्राचार्य बाहेरची पोरांची रांग बघत म्हणाले, "सर, व्हायरस होता तवा आपल्याले तरी अंदर जाता येत होतं!"