टांब

मस्कतमधल्या मवालेहच्या भाजीबाजारात, वजनकाट्याच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

"श्यामलाताई, इराचं फुटबॉल बंद केलंत ना?"

"करायलाच गेले होते, खतिजाभाभी. दहावीचं वर्ष आहे."

"मग तो इंग्रज कोच काय म्हणाला?"

"त्याची गंमतच आहे. बारा वर्षं तिकडे चौथ्या डिव्हिजनमध्ये डिफेंडर होता. गोल किती? एक. तोही आपल्याच जाळ्यात. 'घाई केली,' असं स्वतःच सांगतो."

"आणि तो पोरींना शिकवतो?"

"तेच तर शिकवतो! धावून अंगावर जायचं नाही, समोरचीला चुकू द्यायचं. मी बाहेरून ओरडायचे, 'इरा, थांब, पडशील!' त्याने अर्थ विचारला. आता ओमानी, मल्याळी, सगळ्या पोरींवर ओरडतो, 'टांब! टांब!'"

"या अल्ला!"

"आणि थांबतात हो! यंदा आमच्यावर तीनच गोल झालेत."

"मग नाव काढायचं बोललात की नाही?"

"बोलले ना. म्हटलं, उद्यापासून इरा येणार नाही. तर हळूच म्हणाला, 'टांब.'"

"मग?"

"मग काय, थांबले."