खरजेचा कोल्हा आणि अळिवाचे लाडू

रक्त तपासायच्या रांगेत माझ्यापुढे नवरा-बायको बसले होते.

"हजीऱ्याला आमच्या कंपनीमागच्या कोल्ह्याला खरूज झालीय, योगिता. वनखात्यानं धरून रक्त तपासलं. अगदीच कमी निघालं."

"खरूज तर कातडीला होते. रक्त कसं कमी होईल?"

"दिवसभर खाजवत बसल्यावर शिकार कधी करणार? इंजेक्शन देऊन सोडलं बिचाऱ्याला. आता मीच खाऊ घालतो."

"काय घालता?"

"अळिवाचे लाडू. रक्त वाढतं ना त्यानं."

"आईनं अमळनेरहून माझ्यासाठी पाठवलेले? तुम्ही तर म्हणालात, उंदरांनी खाल्ले!"

"अगं, त्याला धड चालताही येत नव्हतं."

"मला महिनाभर चक्कर येतेय."

"मग आज आणलं ना तपासायला!"

"आणलंत हो. माझंच चुकलं. आधीच खाजवायला हवं होतं."